फेब्रुवारीत थांबलेलं लॅटिन

इंग्लंडमधल्या सरकारी शाळांत लॅटिन शिकवण्याचा एक कार्यक्रम सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. नाव ‘लॅटिन एक्सलन्स प्रोग्रॅम’. घोषणा जुलै २०२१ मधली, तेव्हाचे शिक्षणमंत्री गॅविन विल्यमसन यांची. चाळीसेक शाळा, ४० लाख पौंड आणि मुदत चार वर्षांची, म्हणजे २०२६ पर्यंत. डिसेंबर २०२४ मध्ये नव्या मजूर सरकारने कळवलं की पैसे फेब्रुवारी २०२५ मध्येच थांबतील. त्या वेळी या शाळांमध्ये सुमारे पाच हजार मुलं लॅटिन शिकत होती आणि त्यातल्या काहींची जीसीएसईची, म्हणजे सोळाव्या वर्षी द्यायची शालान्त परीक्षा मे महिन्यावर आली होती.

कारण दिलं गेलं ते तिजोरीचं. आधीच्यांनी २२ अब्ज पौंडांचा खड्डा ठेवून दिला, तो भरायचा तर कठोर निर्णय घ्यावे लागणार, असं सरकारचं म्हणणं. खड्डा किती खोल होता याचा वाद राजकारण्यांनी घालावा. कुठलीही योजना कधीच बंद करू नये असंही माझं म्हणणं नाही. रकमेबद्दल वाद होऊ शकतो. तारखेबद्दल मात्र वाद घालायलाही जागा नाही, इतकी ती चुकीची होती. ज्याने ‘फेब्रुवारी’ लिहिलं त्याने शाळेचं वेळापत्रक कधी हातात धरलं नसावं.

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांनी प्रवेशासाठीची लॅटिनची सक्ती १९६० मध्ये उठवली आणि तिथून सरकारी शाळांतलं लॅटिन ओसरत गेलं. ब्रिटिश कौन्सिलच्या पाहणीतले आकडे कार्यक्रमाच्या घोषणेतच दिलेले होते: अकरा ते चौदा वयाच्या मुलांना लॅटिन शिकवणाऱ्या सरकारी शाळा २.७ टक्के, खासगी शाळा ४९ टक्के. म्हणजे भाषा मेलेली असेल-नसेल, तिची वाटणी मात्र पक्की जिवंत होती. ही दरी थोडी बुजवावी, लॅटिन म्हणजे बड्या घरच्या पोरांचा विषय हा शिक्का पुसावा, हा उद्देश. यातला विरोधाभास असा की याच मजूर सरकारने १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लावला, तोही समतेच्या नावाखाली. एकाच हिवाळ्यात खासगी शाळेची फी महागली आणि सरकारी शाळेतलं लॅटिन गेलं. खासगी शाळेतलं लॅटिन कुठेही गेलं नाही.

आता तारखा. इंग्लंडमधल्या शिक्षकाला मनात येईल तेव्हा नोकरी सोडता येत नाही. राजीनाम्याच्या वर्षातून तीन तारखा ठरलेल्या: ३१ ऑक्टोबरपर्यंत दिला तर नाताळाला मोकळा, फेब्रुवारीअखेर दिला तर ईस्टरला, ३१ मेपर्यंत दिला तर ऑगस्टअखेर. बहुतेक शाळा हेच पाळतात. आता लॅटिनच्या शिक्षकाच्या जागी बसून बघा. डिसेंबरात कळलं की आपल्या पगाराचा मोठा भाग फेब्रुवारीत आटणार. जानेवारीत जाहिराती दिसतात, त्यातल्या बऱ्याच खासगी शाळांच्या. फेब्रुवारीअखेरची तारीख समोर उभी. घरभाडं भरायचं आहे. त्याने राजीनामा दिला तर तो ईस्टरला जाणार, आणि परीक्षा मेमध्ये. यात त्याच्या निष्ठेला नावं ठेवण्यात अर्थ नाही. कॅलेंडरच तसं आहे.

दुसरी गोष्ट ऑप्शन्सची. इयर नाइनची मुलं, म्हणजे आपल्याकडची आठवीची, जानेवारी ते मार्चच्या दरम्यान फॉर्म भरून पुढच्या दोन वर्षांसाठी विषय निवडतात. इंग्रजी, गणित, विज्ञान सक्तीचं. त्याशिवाय तीन किंवा चार विषय आवडीचे. फॉर्म गोळा झाले की उपमुख्याध्यापक त्यांचे गट पाडतात: एका गटात इतिहास, फ्रेंच, नाट्य, दुसऱ्यात भूगोल, संगीत, लॅटिन, प्रत्येक मुलाने प्रत्येक गटातून एकच उचलायचा. एखाद्या विषयाला पंधराच्या आसपास मुलं जमली नाहीत तर तो वर्ग उघडत नाही. हे गट पाडणं हीच खरी कसोटी. लॅटिन आणि संगीत एकाच गटात पडलं की लॅटिन घेऊ पाहणारी चार-पाच मुलं हमखास गळतात, कारण दोन्हीकडे ओढ असणारी मुलं बहुधा तीच असतात. इतकं नाजूक गणित असताना ‘पैसे थांबणार’ ही बातमी फॉर्म छापायच्या दिवसांत आली तर मुख्याध्यापक काय करणार? लॅटिनची ओळच काढून टाकणार. मग सप्टेंबरला इयर टेनचा वर्ग नाही, पुढच्या वर्षी इयर इलेव्हन नाही. निधी नंतर कुठून मिळालाच तरी शिकवायला मुलं नसतात.

पैशाचा हिशेबही मांडून पाहू. लंडनबाहेरच्या शिक्षकाच्या मुख्य वेतनश्रेणीचं वरचं टोक २०२४-२५ मध्ये ४३,६०७ पौंड होतं. त्यावर शाळेला पेन्शनपोटी २८.६८ टक्के भरावे लागतात, म्हणजे साडेबारा हजार. त्याशिवाय मालकाच्या वाट्याचा राष्ट्रीय विमा, साधारण पावणेपाच हजार. एकूण ६१ हजारांच्या जरासं आत. आठवड्याला एक-एक तासाच्या २५ तासिका धरल्या, त्यातला दहावा भाग तयारीसाठी सोडला, तर तो माणूस २२ तासिका शिकवतो. म्हणजे आठवड्यातली एक तासिका वर्षभर चालवायला सुमारे २,७७० पौंड लागतात. इयर नाइनला दोन, इयर टेनला तीन, इयर इलेव्हनला तीन, अशा आठ तासिकांत एका शाळेचं लॅटिन उभं राहतं. खर्च २२ हजार आणि काही पौंड.

४० लाख भागिले ४० शाळा भागिले ४ वर्षं, उत्तर २५ हजार. त्यातून प्रशिक्षण, साहित्य आणि रोमन अवशेष पाहायच्या सहली वजा करायच्या, म्हणजे कार्यक्रमाची रक्कम काही चैनीची नव्हती. एका शाळेचे आठ तास जेमतेम भागतील एवढीच होती. इंग्लंडच्या शाळांचा मूळ वार्षिक खर्च त्या वर्षी साठ अब्ज पौंडांच्या वर होता. त्यात लॅटिनचे वर्षाला दहा लाख म्हणजे साठ हजार पौंडांत एक पौंड.

आणि हा शेवटचा भागाकार सगळ्यात जास्त टोचतो. फेब्रुवारीची सुट्टी संपल्यापासून मेच्या मध्यापर्यंत शिकवण्याचे साधारण दहा आठवडे मिळतात. इयर इलेव्हनच्या तीन तासिका धरल्या तर ३० तास. एका तासाचा खर्च वरच्या हिशेबाने ७३ पौंड. म्हणजे परीक्षेला बसणाऱ्या वर्गाला शेवटपर्यंत पोचवायला एका शाळेला २,२०० पौंड पुरले असते. बाकी सगळं बंद करून निदान एवढे ठेवायचे, हा विचार कोणाही कारकुनाला सुचायला हवा होता.

तीस तास म्हणजे किती, हे वर्गात डोकावल्याशिवाय कळणार नाही. दोन वर्षांच्या जीसीएसईला आठवड्याला तीन तासांनी मिळून दोनशेच्या आसपास तास होतात. पहिल्या वर्षाचे ३८ आठवडे. दुसऱ्या वर्षी मेच्या मध्याला मुलं परीक्षेच्या रजेवर जातात, म्हणून एकोणतीस-तीसच. त्यातून सराव परीक्षांचे दोन आठवडे वजा. ओसीआर मंडळाच्या परीक्षेत निम्मे गुण भाषेला आहेत आणि तिच्यासाठी ४५० शब्दांची यादी पाठ हवी. उरलेल्या निम्म्या गुणांसाठी गद्य, पद्य आणि ‘वाङ्मय व संस्कृती’ यांतले दोन घ्यायचे. गद्य आणि पद्य दोन्ही घेतले तर प्रत्येकी शंभर-सव्वाशे ओळींचे मूळ लॅटिन उतारे, तेही शब्द न् शब्द उकलून.

सुरुवात सोपी असते. ‘सेर्वुस् पुएल्लाम् विदेत्’, गुलाम मुलीला पाहतो. ‘पुएल्लाम् सेर्वुस् विदेत्’, तरीही गुलामच मुलीला पाहतो. ‘पुएल्ला सेर्वुम् विदेत्’ म्हटलं की उलटं झालं. इंग्रजी मुलाच्या डोक्यात पहिला शब्द म्हणजे कर्ता हे इतकं मुरलेलं असतं की शेवटच्या म्-कडे बघायची सवय लावायलाच पहिले सहा महिने जातात. लंडनच्या हॅरोतल्या किंवा जवळच्या स्लाउमधल्या मराठी घरातल्या मुलाला हे फुकट मिळालेलं असतं. ‘मुलाला कुत्रा चावला’ आणि ‘कुत्रा मुलाला चावला’ यातला ‘ला’ ते जन्मापासून ऐकत आलंय. ‘फेरो’चा भूतकाळ ‘तुली’ होतो यावर वर्ग हसतो तेव्हाही या मुलाला फारसं नवल वाटू नये. ‘जातो’चं ‘गेला’ आपणही करतोच की.

पण पुढे हीच सवय आडवी येते. ‘पातेर् दीकित् फीलिउम् वेनीरे’ या वाक्यात फीलिउम्‌ला म् दिसतो, म्हणून मूल लिहितं ‘बाप मुलाला यायला सांगतो’. खरा अर्थ ‘बाप म्हणतो, की मुलगा येतोय’. म्हणण्याच्या, समजण्याच्या, ऐकण्याच्या क्रियापदानंतर कर्ताच द्वितीयेत जातो आणि क्रियापद मूळ रूपात राहतं. ही रचना इयर टेनच्या हिवाळ्यात येते आणि निम्मा वर्ग इथे घसरतो. उपाय एकच आहे. ‘दीकित्’सारखं क्रियापद दिसलं की पेन्सिलीने त्याला गोल करायचा, मग द्वितीया शोधायची, मग मूळ रूप, आणि या तिघांभोवती कंस घालून मगच अर्थाला हात घालायचा. एका तासात हे समजतं. आपोआप हात जायला वीसेक वाक्यं रोज, असे तीन-चार आठवडे लागतात. त्यापाठोपाठ ‘उर्बे काप्ता’, शहर जिंकल्यावर. ज्यांनी शाळेत संस्कृत केलंय त्यांना सति सप्तमी आठवेल. लॅटिनमध्ये तेच काम सप्तमीऐवजी एक वेगळी विभक्ती करते.

म्हणून फेब्रुवारीत तोडलं तर प्रत्येक वर्ग वेगळ्या ठिकाणी तुटतो. इयर एटची मुलं तिसऱ्या गणातल्या नामांशी झटत असतात. तिथे प्रथमेवरून मूळ अंग ओळखू येत नाही: ‘रेक्स’ म्हणजे राजा, पण द्वितीया ‘रेगेम्’. इथपर्यंतचं लॅटिन सहा महिन्यांत पुसलं जातं. इयर टेनची मुलं धातुसाधितांत शिरलेली असतात, म्हणजे सगळ्यात जास्त कष्ट करून झालेले आणि फळ अजून लांब. आणि इयर इलेव्हनचा एक नेमलेला उतारा झालेला, दुसरा अर्ध्यावर.

शिक्षक गेल्यावर ती मुलं काय करतात हे कुठल्याही भाषेच्या शिक्षकाला विचारा. इंग्रजी भाषांतर पाठ करतात. त्यावर भाषांतराचे प्रश्न सुटतात. पण शैलीवरच्या मोठ्या प्रश्नाला मूळ लॅटिन शब्द उचलून दाखवावे लागतात: कवीने हा शब्द ओळीच्या शेवटी का टाकला, विशेषण नामापासून इतकं लांब का नेलं. कुठला लॅटिन शब्द कुठल्या इंग्रजी शब्दाचा, हेच माहीत नसेल तर तिथे हात टेकावे लागतात. पाठांतर करणारं मूल अनेकदा शेजारचाच शब्द उचलून देतं आणि चांगलं लिहूनही गुण घालवतं.

यावर सुचवले जाणारे उपाय ठरलेले आहेत. शाळा सुटल्यावर वर्ग घ्या. ठीक, खर्च कमी होतो, पण शाळेच्या बसने जाणारी आणि धाकट्या भावंडाला आणायला जाणारी मुलं पहिल्या महिन्यातच गळतात. उरतात ती, ज्यांना घरची गाडी न्यायला येते. म्हणजे ज्या कारणासाठी कार्यक्रम काढला त्यालाच हरताळ. दोन शाळांत मिळून एक शिक्षक? कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात दोन्ही शाळांच्या घंटा जुळत नाहीत आणि प्रवासाच्या दिवशी निदान एक तासिका रस्त्यावर जाते. इयर टेन आणि इलेव्हन एकत्र बसवा? भाषेच्या तासाला कुशल शिक्षक ते निभावून नेतो. वाङ्मयाला अडतं: नेमलेले उतारे काही वर्षांनी बदलतात आणि नेमकं त्या वर्षी एकाच खोलीत दोन वेगळी पुस्तकं उघडावी लागतात.

त्यातल्या त्यात टिकाऊ उपाय म्हणजे शाळेतल्याच फ्रेंच, इंग्रजी किंवा इतिहासाच्या शिक्षकाला लॅटिन शिकवायला तयार करणं. क्लासिक्स फॉर ऑल ही संस्था २०१० पासून हेच करते. अशा शिक्षकाच्या हाती इयर सेव्हन आणि एटचे वर्ग निर्धास्त सोपवता येतात, आणि त्याची नोकरी मूळ विषयावर असल्यामुळे निधी गेला म्हणून तो जात नाही. मर्यादा एवढीच की इयर टेनचं ‘फीलिउम् वेनीरे’ शिकवण्याइतका हात बसायला त्यालाही दोन-तीन वर्षं द्यावी लागतात. मला विचाराल तर त्या ४० लाखांतला मोठा वाटा सुरुवातीपासून इथे जायला हवा होता. बाहेरून आणलेला तज्ज्ञ पैशाबरोबर येतो आणि पैशाबरोबर जातो. ही चूक २०२१ मध्ये योजना आखणाऱ्यांची. २०२४ मध्ये ती मोडणाऱ्यांच्या माथी सगळंच मारणं बरोबर नाही.

आपल्याकडे याचं एक धाकटं रूप रोज दिसतं. संस्कृतचा शिक्षक निवृत्त झाला की जागा भरायची की नाही हे संचमान्यतेवर, म्हणजे पटावर ठरतं. तोवर कोणीतरी तासिका तत्त्वावर येतं, आणि अधिक चांगलं काही मिळालं की निघून जातं. मुलांचे शब्दरूपांचे तक्ते भिंतीवर तसेच राहतात. तरीही महाराष्ट्रात शालेय संस्कृत तगून आहे त्याचं एक अगदी व्यवहारी कारण आहे. ‘पैकीच्या पैकी’चा मोह आहेच, पण त्याहून महत्त्वाची ती पन्नास गुणांची संयुक्त संस्कृतची सोय. अर्धं हिंदी, अर्धं संस्कृत. पंडितांनी तिला कितीही नाकं मुरडली तरी वर्ग भरण्याइतकी मुलं तिच्यामुळेच मिळतात आणि मुलं आहेत म्हणून शिक्षक आहे. इंग्लंडमध्ये लॅटिनचं अर्धं जीसीएसई नाही. घ्यायचं तर मूळ उताऱ्यांसकट पूर्ण जीसीएसई घ्यायचं. अशी अर्धी पायरी नसल्याने वर्गाचा पट भरायला फक्त धीट मुलं उरतात.

दुसरी बाजूही खरी आहे. इंग्लंडमध्ये २०२३ मध्ये हलक्या काँक्रीटच्या छतांमुळे शाळांच्या इमारती बंद कराव्या लागल्या होत्या. विशेष गरजा असलेल्या मुलांवरचा खर्च स्थानिक प्रशासनांना पेलेनासा झालाय. फ्रेंच-जर्मनलाही शिक्षक मिळत नाहीत. अशा वेळी लॅटिन मागणारा माणूस जरा ओशाळतोच. पण दहा लाखांत छतांचा प्रश्न सुटत नाही आणि कुठल्याही जिल्ह्याची तूट भरत नाही. बचत म्हणून ही रक्कम कुठल्याच तक्त्यात दिसणार नाही. मोडलेलं मात्र दिसतं.

कारण परत उभं करायचा वेळ मोजा. एखाद्या मुख्याध्यापकाने ठरवलं की सप्टेंबर २०२६ पासून लॅटिन पुन्हा सुरू करायचं, तर जाहिरात वसंतात द्यायला हवी, म्हणजे उमेदवाराला ३१ मेपूर्वी जुन्या शाळेत राजीनामा देता येतो. लॅटिनचं शिक्षक-प्रशिक्षण केंब्रिज, लंडनचं किंग्ज कॉलेज अशा मोजक्याच ठिकाणी असल्यामुळे उमेदवार थोडे आणि खासगी शाळांचा पगार बहुधा वरचढ. मिळालाच, तर पहिला वर्ग इयर नाइनचा घ्यावा लागतो. कुठलंही लॅटिन न शिकलेल्या इयर टेनला दोनशे तासांत परीक्षेला नेता येतं, पण पहिल्याच वर्षी तो धोका शहाणा शिक्षक पत्करत नाही. इयर नाइनचं वर्ष संपेपर्यंत वर्गातली निम्मी मुलं टिकली तर उत्तम. त्यासाठी २०२७ च्या ऑप्शन्सच्या वेळी लॅटिन संगीताच्या गटात पडू नये हे नोव्हेंबरातच उपमुख्याध्यापकाच्या कानावर घालून ठेवायचं. ती तुकडी पहिली परीक्षा देईल २०२९ च्या उन्हाळ्यात.